धनीरामनं देऊन टाकलेलं तोंड

धनीराम सलामे शिव्या द्यायला लागला की माझ्या दुकानातल्या बाया पदर तोंडाला लावत, पण जागच्या हलत नसत. चिचगडला माझं किराण्याचं दुकान आहे. हंगामात मोहफुलं, हिरडा, चारोळी असा जंगलातला मालही घेतो. धनीराम गावापलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे लहान वस्तीवरचा, गोंड शेतकरी. धानाच्या थोड्या बांध्या, एक बैलजोडी, आणि बाकीचं पोट जंगलावर. माझे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून तो आमच्याकडे माल आणत होता, आणि आल्यापासून जाईपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. मला तो 'ओल्या गोणीतला बेडूक' म्हणायचा, तेही भर गिऱ्हाइकांसमोर. मी चिडायचो, तो गेल्यावर एकटाच हसायचो, आणि एखाद्या आठवड्यात तो आला नाही तर करमायचं नाही.

त्याच्या शिव्या बाजारातल्या नव्हत्या. आईबहिणीवर तो क्वचितच जाई, ते त्याला आळशी माणसाचं काम वाटे. त्याच्या शिव्या घरी घडवलेल्या असायच्या. तेरवीचा भात खाऊन ढेकर देणाऱ्या, वाळवीनं टाकून दिलेल्या खोडा, मढ्याच्या ताटीवर झोप काढणाऱ्या. बैलाला वेगळी, पावसाला वेगळी, जंगलखात्याच्या गार्डाला त्याची पाठ वळल्यावर वेगळी. शिवी सुरू करण्याआधी तो एक लहानसा कोरडा खोकला काढायचा. बैल तर तो खोकला ऐकल्याशिवाय मान जुवाखाली घालत नसत. त्याचा मुलगा देवेंद्र बारावी शिकलेला, सभ्य पोरगा. तो 'चल बेटा, चल' करत बसायचा आणि बैल रवंथ करत बसायचे.

टोल्यावर या तोंडाला एक मानाचं काम होतं. मोहाची फुलं रात्री गळतात. ती वेचायला बाया उजाडता उजाडता जंगलात शिरतात, आणि अस्वलालाही त्या फुलांचं वेड. म्हणून तिथली रीत अशी, की बाया आत शिरण्याआधी एका माणसानं जंगलाच्या कडेला उभं राहून जोरात शिव्या घालायच्या. अस्वलाला घालायच्या, वाघाला घालायच्या, आणि ज्यांचं नाव घेत नाहीत त्यांनाही घालायच्या. ऐकणारा जो कोणी असेल तो उठून बाजूला होतो. याला ते जंगल उघडणं म्हणतात. गोड बोललं तर जंगल जवळ येतं, असं ते मानतात. हे काम धनीरामच्या बापाकडे होतं, मग त्याच्याकडे आलं. तो हे काम करत असेपर्यंत टोल्यातल्या एकाही बाईला अस्वलानं ओरबाडलं नव्हतं.

शिवीच्या बाबतीत ही माणसं जितकी सैल, शपथेच्या बाबतीत तितकीच घट्ट. आम्हा दुकानदारांचं उलटं आहे. देवाशपथ वरूनच भाव पडला, आईशपथ कालचाच माल आहे, असं आम्ही दिवसभर म्हणतो. माझ्या शपथांनी मरायची असती तर माझी आई मी गल्ल्यावर बसलो त्याच दिवशी गेली असती. टोल्यावर शपथेला किरिया म्हणतात. ती साज्याच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली, साज्याचं पान मुठीत धरून घ्यायची, कारण साज्यात त्यांचा मोठा देव. एकदा कोणाची तरी कोंबडी चोरीला गेली. सगळ्या पुरुषांनी पान धरून किरिया घेतली, धनीरामनं नाही घेतली. चोर म्हणवून घेतलं, घरची कोंबडी भरून दिली, पण पानाला हात लावला नाही. पुढे कळलं की कोंबडी मुंगसानं नेली होती. मी त्याला विचारलं, तर म्हणाला की खरं असलं तरी ते पान हातात धरायची त्याला भीती वाटते. आयुष्यात ही एवढीच भीती त्यानं माझ्यापाशी कबूल केली.

त्या माणसानं शेवटी किरिया घेतली, ती नातीसाठी.

चंचल ही देवेंद्रची मुलगी. चार वर्षांची झाली तरी तिच्या तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. देवेंद्र आणि त्याची बायको मोनाली तिला गोंदियाला घेऊन गेले. कान तपासले, ते चांगले निघाले. डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात, वाट बघा. टोल्यावर कोणी वाट बघायला तयार नव्हतं. अंगणवाडीतली मुलं तिला मुकी म्हणून हाका मारू लागली. मोनाली माझ्या दुकानात यायची ती खाली मान घालून. धनीराम मात्र पोरीला खांद्यावर बसवून मिरवायचा. तो शिव्या देत असला की ती वाकून त्याच्या ओठांकडे बघत राहायची, आणि बघताना डोळ्याची पापणीही हलवायची नाही. मी तिच्या हातात बिस्किट द्यायचो, तरी तिची नजर हटत नसे. खरं सांगायचं तर मला ते बघवत नव्हतं.

किरियेची हकीकत मला धनीरामची बायको वच्छलाबाई हिनं सांगितली. त्यांचा भुमका, म्हणजे पुजारी, सुखराम म्हणून एक म्हातारा आहे. तो धनीरामला म्हणाला, तुझ्या घरात बोलणं एकाच्या तोंडात साचलंय, त्यातलं थोडं दे. देव तिला देईल. भर दुपारी तो, धनीराम आणि वच्छलाबाई असे तिघंजण साज्याखाली गेले. सुखरामनं पान हातात दिलं आणि बजावलं, की काय देतोस ते मोजून बोल. पण मोजून बोलणं धनीरामला कुठं ठाऊक होतं? जन्मात किरिया घेतली नव्हती, एकच भाषा येत होती. त्यानं खोकला काढला आणि देवालाच शिवी घातली.

"किती दिवस पोट्टीले मुकी ठेवून राहिला, मुर्दाडा? बोलणं पाहिजे का तुले? घे. माझं सारं तोंड घे अन् तिले दे. मांगं काही ठेवू नको. अन् मी परत मांगलं, तर तिची वाचा जाऊ दे."

सुखराम त्याच्या तोंडावर हात ठेवायला धावला, तोवर बोलून झालं होतं. वच्छलाबाई सांगत होती की त्या वेळी वारा नव्हता, तरी साज्याचं झाड वरपासून खालपर्यंत हललं, आणि शेजारचं मोहाचं झाड जसंच्या तसं उभं होतं. धनीरामनं मूठ उघडली तर पान नव्हतं. पडलं असेल म्हणून तिनं खाली बघितलं. वाळका पाचोळा पडलेला होता, हिरवं पान कुठंच नव्हतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी चंचल बोलली. अंगणात बसलेल्या बैलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ऊठ ना, वाळवीनं टाकून देलेल्या खोडा." बैल उठला. मोनाली आतून धावत आली, पोरीला छातीशी धरून हसली, रडली. टोल्यात गूळ वाटला. देवेंद्र मला सांगायला सायकलनं चिचगडला आला, आणि मीही माझ्याकडून शेवचिवडा बांधून दिला. पहिला शब्दच शिवीचा म्हणून आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी बैल सोडताना धनीराम गोठ्यात बराच वेळ काही आठवत उभा राहिला, हे वच्छलाबाईनं बघितलं होतं, पण आनंदात तिनं ते मनावर घेतलं नाही.

पुढच्या बाजाराला तो चंचलला घेऊन दुकानात आला. माझ्याकडे बघून त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं आणि म्हणाला, "शेठ." इतक्या वर्षांत त्यानं मला शेठ म्हटलं नव्हतं. मी चेष्टा करणार, एवढ्यात त्याच्या खांद्यावरून कोरडा खोकला ऐकू आला. पोर खोकली होती. मग ती म्हणाली, "काय रे ओल्या गोणीतल्या बेडका, मेला का जित्ता हाय?"

आवाज लहान मुलीचा होता, बाकी सगळं त्याचं होतं. शब्दांवर जोर कुठं द्यायचा, कुठं थांबायचं, 'जित्ता' म्हणताना मान किती तिरकी करायची, सगळं. गिऱ्हाइकं खो खो हसली. माझ्या अंगावर काटा आला. धनीरामनं आपला गळा चाचपून बघितला आणि मीठ न घेताच निघून गेला.

मग त्याचं बोलणं आटत चाललं. शिव्या आधी गेल्या. त्यानंतर बैलांची नावं, झाडांची नावं, पानाचं, तंबाखूचं, मिठाचं नाव. एक शब्द पोरीच्या तोंडात आला की त्याच्या तोंडातून गेलेला असायचा. तो दुकानात येऊन बोटानं दाखवू लागला. देवेंद्रनं त्यालाही गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले. मेंदूतली बारीक शीर बंद पडली असेल, या वयात असं होतं म्हणाले. आणि नातवंडं आजोबांची नक्कल करतातच. डॉक्टर खोटं बोलत नसतील. मीही तराजूच्या काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. पण एका दुपारी वच्छलाबाई धान पाखडत असताना चंचल तिच्यामागे येऊन एक लाडाची शिवी बोलली. ती शिवी धनीरामनं तिला लग्नाच्या वर्षी दिली होती, दोघंच असताना, आणि नंतर कधी दिली नव्हती. कोणती ते वच्छलाबाईनं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की सूप हातातून पडलं.

मोहाच्या दिवसांत मी माझा लहान टेम्पो घेऊन माल आणायला टोल्यावर जातो. त्या वर्षी पोचलो तेव्हा नुकतं दिसू लागलं होतं. बाया टोपल्या घेऊन जंगलाच्या कडेला थांबल्या होत्या. सवयीनं धनीराम सगळ्यांपुढे उभा होता. त्यानं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. गळ्याच्या शिरा ताणल्या, हात वर गेला, ओठ हलले, पण आवाज नाही. समोर जंगल गप्प होतं. त्या वेळी पाखरांनी नुसता कालवा करायचा असतो, तर एक पाखरूही बोलत नव्हतं. झाडांखाली अजून अंधार होता, आणि मला उगाच वाटलं की त्या अंधारात कोणी तरी कान देऊन ऐकत आहे. एक म्हातारी म्हणाली, आज परत चला.

तेव्हा मोनालीच्या कडेवरून चंचल खाली उतरली. चालत जाऊन आजाच्या शेजारी उभी राहिली. खोकली. मग तिनं सुरुवात केली, आणि एक शिवी न चुकवता, त्याच्याच क्रमानं, सगळं म्हणून टाकलं. अस्वलाचं झालं, वाघाचं झालं. मग ज्यांचं नाव घेत नाहीत त्यांना ती शिव्या घालू लागली, तशा बाया डोळे मिटून उभ्या राहिल्या. धनीरामचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मोहाच्या झाडाखालून काही तरी जड उठलं. दिसलं काही नाही. पाचोळा वाजत वाजत दूर गेला, आणि पाखरं बोलू लागली. बाया आत शिरल्या, पण त्यांतली एकही त्या पोरीकडे न बघता गेली.

त्या सकाळी त्यांच्या अंगणात माझ्या काट्यावर मोहफुलं ओतताना मोनाली डोळे पुसत होती. मी म्हटलं, पोरगी बोलू लागली, आता कशाला रडतेस?

"शेठ, हे माझं लेकरू बोलून नाही राहिलं," ती म्हणाली. "बुढा बोलून राहिला. माझं लेकरू अजून मुकंच हाय आत."

मी तिला समजवायला गेलो. तिनं पोरीला हाक मारून समोर उभं केलं आणि मला म्हणाली, विचारा तिला तिचं नाव. मी विचारलं. तोवर बडबडणारी चंचल गप्प झाली. काय तुझं नाव बाळ, मी परत विचारलं. तिचे डोळे तेच होते, मुकेपणातले, न हलणारे. तिनं आजाकडे बघितलं. ओसरीवर बसलेला धनीराम हळूच म्हणाला, "चंचल."

हाच एक शब्द त्याच्याकडे उरला होता. पाणी पाहिजे असलं की चंचल, भूक लागली की चंचल, दुखलं की चंचल. आणि पोरीला सगळं जग बोलता येत होतं, फक्त स्वतःचं नाव येत नव्हतं.

मोनालीनं मग ऐकलं नाही. ती सुखरामकडे गेली आणि म्हणाली, किरिया मोडून द्या, माझी मुकी पोरगी मला परत द्या, ती निदान माझी होती. देवेंद्र तिच्यावर ओरडला. सुखरामनं दोघांना गप्प केलं. त्यानं सांगितलं, की धनीराम सारं देतो म्हणाला आणि एक ठेवून बसला, म्हणून काम अर्धं राहिलंय. पोरीत त्याचं बोलणं गेलं, पण ती स्वतः बोलण्यात उतरली नाही. आता दोनच वाटा. एक तर धनीरामनं सगळं परत मागायचं, आणि पोरगी पुन्हा मुकी. नाही तर राहिलेलं देऊन टाकायचं. दिल्यावर पोरगी पोरीसारखी बोलेल की बुढ्याचंच बोलत राहील, हे मात्र तो सांगू शकत नव्हता.

साज्याचं ते झाड टेकाडावर आहे. धनीरामला आता तेवढा चढ चालवत नव्हता, म्हणून मी सगळ्यांना टेम्पोत घातलं. मला जायचं काही कारण नव्हतं. भीती वाटत होती, आणि न जाण्याची त्याहून वाटत होती. दुपारची वेळ, ऊन रणरणत होतं, आणि झाडाखाली मात्र गार लागलं. सुखरामनं पान तोडलं आणि धनीरामच्या हातात दिलं. परत पाहिजे असेल तर पान कपाळाला लाव म्हणाला, द्यायचं असेल तर बोल.

पान हातात घेताना धनीरामचा हात मागे सरकला. त्याला ती भीती अजूनही होती. त्यानं मोनालीकडे बघितलं. ती झाडाकडे पाठ करून उभी होती, तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हात जोडून आहे. काय मागत होती देव जाणे. मग त्यानं वच्छलाबाईकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला. पान त्याच्या हातात कपाळाच्या दिशेनं थोडं वर गेलं. मी खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं, लाव बाबा, परत घे सगळं, आणि मला एकदा चारचौघांत बेडूक म्हण.

वच्छलाबाई पुढे झाली आणि तिनं त्याचा हात धरून खाली घेतला.

"देऊन टाका," ती म्हणाली. "मले आयकाचं होतं तितकं आयकून झालं."

धनीराम खाली बसला. चंचलला त्यानं समोर ओढून घेतलं आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पान त्याच्या तळव्यात तिच्या गालाला चिकटलेलं होतं. त्या माणसानं आयुष्यात कधी कोणाचं नाव शिवीशिवाय घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ते एक नाव त्यानं इतकं हळू घेतलं, की झाडाखाली उभं राहून मला ते जेमतेम ऐकू आलं.

"चंचल."

झाड हललं की नाही ते मी बघितलं नाही. मी पोरीच्या तोंडाकडे बघत होतो. ती काही बोलली नाही. मोनाली वळली आणि तिथंच खाली बसली. मग पोरीनं डोळे मिचकावले, जसं झोपेतून उठल्यावर कोणीही मिचकावतं, आणि बारीक, चिरक्या, अडखळत्या आवाजात म्हणाली, "चंचल. मी चंचल." तो आवाज आमच्यापैकी कोणीही कधी ऐकला नव्हता. त्यात खोकला नव्हता, मान तिरकी नव्हती. धनीरामनं तिचा चेहरा सोडला, आणि त्याचे हात रिकामे होते.

परत येताना ती टेम्पोत उभी राहून दिसेल ते विचारत होती. हे काय, ते काय, त्या झाडाला काय म्हणतात. कालपर्यंत या सगळ्यांची नावं तिला तोंडपाठ होती, आता ती नव्यानं विचारत होती. वच्छलाबाई एकेक सांगत होती. धनीराम तिच्या शेजारी बसून नातीच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं असं मी म्हणणार नाही. टोल्याच्या नाल्यापाशी मी गाडी थांबवली, तेव्हा तिनं त्याचा सदरा ओढला.

"आजा, तू काऊन नाही बोलून राहिला?"

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. वच्छलाबाईनं नाल्याकडे तोंड फिरवलं. शेवटी मोनाली बोलली, जिला हे सगळं मोडून पाहिजे होतं ती.

"त्याईनं आपलं बोलणं तुले देलं."

"सारं?"

"सारं," मोनाली म्हणाली, आणि सासऱ्याच्या पायाला हात लावून तिनं त्याला खाली उतरायला खांदा दिला.